नवी इमारत आणि सकाळची पहिली बस

आमच्या विद्यापीठात विद्यार्थी मंडळाची नवी इमारत उभी राहिली तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या इमारतीबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नव्हतं. पुढून सगळी काच. आमच्याकडच्या पावसात त्या काचेवर शेवाळ धरणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पेडण्यातल्या केरीला घरी गेल्यावर मी मोबाइलवरचा फोटो बाबांना दाखवला. बाबा होडीवर जाणारे, पण लोकांच्या घरांबद्दल त्यांची मतं अगदी ठाम. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला आणि विचारलं, "हेका सोपो खंय?" सोपो म्हणजे घरापुढची बसायची जागा. सोपो नाही म्हटल्यावर त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "मगे लोक बसतले खंय?" एवढं बोलून ते जाळं विणायला लागले.

मंडळाने सगळ्या वर्गांत चिठ्ठ्या वाटल्या होत्या. नव्या इमारतीत काय असावं, तळमजल्याच्या मोठ्या खोलीचं काय करावं, ती कधी उघडी ठेवावी, मतं लिहून द्या. पेडणे आणि डिचोलीहून बसने येणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बोलायला पुढे असायचे. मतं काय एकेक होती! एकाला कॅरम हवा होता. एकीला आरसा हवा होता, तोही पूर्ण उंचीचा. एकाने लिहिलं होतं की इमारतीचा रंग औषधाच्या दुकानासारखा आहे. एका महाभागाने चिठ्ठी कोरीच दिली आणि वर सांगितलं, "माझां मत तूच लिही, तुका शब्द बरे येतत." मी लिहिलं की या गृहस्थांना मत नाही. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

एका चिठ्ठीवर मात्र फक्त एवढंच होतं: सकाळी सातला उघडावी.

ती चिठ्ठी माझ्या मैत्रिणीची होती. ती डिचोलीतल्या मयेच्या तळ्यापलीकडच्या एका वाड्यावरची, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. त्यांच्या वाड्यावर सकाळी एक बस यायची ती सहाला, आणि दुसरी नऊनंतर. दुसरी पकडली तर पहिला तास बुडायचा. म्हणून ती सहाची पकडायची आणि साडेसातला विद्यापीठात पोचायची. त्या वेळी तिथे सगळ्या दारांना कुलपं. मग ती या नव्या इमारतीच्या पायऱ्यांवर बसून वाचायची. इमारत बांधून व्हायची होती तेव्हापासून ती तिथेच बसत होती, वाळूच्या ढिगाशेजारी. संध्याकाळी घरी पोचली की गाई, चूल, धाकटी भावंडं. वाचायला तिला दिवसातले हेच दोन तास होते.

तिचे वडील पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता दुसऱ्याचा टेंपो चालवत होते. एकदा भल्या सकाळी ते भाडं घेऊन या बाजूला आले असताना मुलीला डबा द्यायला म्हणून वळले. मुलगी पायऱ्यांवर एकटी, आजूबाजूला चार-पाच कुत्री, आणि फाटकाबाहेर कुणीतरी अनोळखी माणूस मोटारसायकल लावून उभा. त्यांनी डबा दिला आणि निघून गेले. रात्री जेवताना तिला सांगितलं, "परीक्षा दी. पुढल्या वर्साचा नको. हेका शिक्षण म्हणनत नाय." ते चिडले नव्हते, म्हणूनच ती घाबरली होती. चिडलेला बाप शांत होतो, पण ठरवून बोललेल्या बापापुढे काय बोलणार.

तेव्हा सातला उघडणारी खोली मिळाली तर तिचं पुढचं वर्ष, नाहीतर घर. हे मला माहीत होतं. सभेत मी तिच्या वतीने बोलायचं ठरलं होतं. ती स्वतः चारचौघांत तोंड उघडायची नाही. मी एक कागद लिहून काढला होता, चांगला खडखडीत.

सभा दुपारी झाली. विद्यार्थ्यांचं काम बघणारे सर सासष्टीकडचे, सज्जन माणूस, पण त्यांनी सुरुवातच अशी केली की इमारत दहा ते पाच उघडी राहील, कर्मचाऱ्यांची वेळ तीच आहे, कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. माझं डोकं फिरलं. मतं मागवायची आणि वेळ आधीच ठरवून यायचं! आणि माझं डोकं फिरलं की मी सरळ बोलत नाही, टर उडवते. ही माझी जुनी खोड आहे. कागद हातातच राहिला आणि मी उभी राहून गाऱ्हाणं घालायला लागले.

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आरंभी देवापुढे उभं राहून केलेली विनवणी. जत्रा असो, घराचा पाया असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, गावातला जाणता माणूस एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते म्हणायला कुणी शिकवत नाही. कडेवर असल्यापासून ते ऐकलेलं असतं.

"बा देवा म्हाराजा, ही जी काचेची इमारत बांधली आसा, ती सकाळी धा वाजता उघडू दे म्हाराजा," मी म्हटलं.

"व्हय म्हाराजा." मागच्या बाकांवरून आमची चाळीसेक मुलं एका सुरात.

"सांजचे पाच वाजले काय कुलूप पडू दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सहाच्या बशीन येणारी पोरां आणि कुत्रे पायरेर गुण्यागोविंदान बसू देत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सभागृह हसून हसून लोटपोट. सरही हसले, पण त्यांच्या सासष्टीकडे गाऱ्हाणं घालत नाहीत, नेमकं कशाला हसायचं ते त्यांना कळलं नसावं. हसू जरा ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग दहा ते पाचला सगळ्यांची संमती?" आणि त्या भरात, त्या लयीत, आमची सगळी बाकं पुन्हा दणदणीत म्हणाली, "व्हय म्हाराजा." मीसुद्धा म्हणाले. कागद माझ्या हातात घडी घालून तसाच होता, आणि मी जिंकल्यासारखी खाली बसले.

दोन दिवसांनी सभेचा वृत्तान्त फलकावर लागला. वेळ दहा ते पाच, उपस्थितांनी एकमुखाने मान्य. तो आधी माझ्या मैत्रिणीने वाचला. ती मला शोधत आली, रागावली नव्हती. "तू सगळ्यांका हसवलंस," ती म्हणाली. "माझां सांगलंसच नाय."

आयुष्यात मला माझी इतकी लाज क्वचित वाटली असेल.

वृत्तान्त लिहिणारी मंडळाची चिटणीस मुरगावची होती. तिचे वडील बंदरात कामाला, आणि तिला प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे लागायची. मी तिच्यापुढे जाऊन म्हटलं की ते खरं नव्हतं, ती थट्टा होती, आमच्याकडे तसं म्हणतात. तिने आपली वही उघडून माझ्यापुढे ठेवली. "तुमी व्हय म्हळें, हांवें व्हय बरयलें," ती म्हणाली. तुम्ही हो म्हणालात, मी हो लिहिलं. आता यात तिचं काय चुकलं होतं? मग तिनेच, जरा नरमून, वाट सांगितली. पुढच्या सभेत हा वृत्तान्त वाचून कायम करतात. कायम व्हायच्या आधी कुणीही उठून हरकत घेऊ शकतं. "पण नाटक करूं नाका," तिने बजावलं.

पुढच्या सभेत मी नाटक केलं नाही. उभी राहिले तेव्हा मागची बाकं आधीच हसायला तयार होती. मी सांगितलं की मागच्या वेळी मी चिडून थट्टा केली, आम्हाला दहा ते पाच नको होतं.

"नको होतं आणि तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलंत?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"का?"

"सवयीने, सर."

सभागृहात पुन्हा हशा पिकला. पुढचं बोलायला मी कागद उलगडला, पण हशात माझा आवाज कुणाला ऐकू जाईना. तेवढ्यात माझ्या शेजारी बाक सरकल्याचा आवाज झाला. मैत्रीण उभी राहिली होती.

"सर, मी साडेसाताक पोचतंय," ती म्हणाली. "रोज. पायरेर बसान वाचतंय. बाबांका ता बरां दिसत नाय, म्हणान ते माका पुढल्या वर्सा धाडनत नाय. खोली उघडी आसली तर धाडतले."

एवढंच बोलून ती बसली. आता कुणी हसत नव्हतं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि आणखी कोण कोण आठच्या आधी येतं ते विचारलं. अकरा हात वर झाले. तो कोरी चिठ्ठी देणाराही त्यात होता, आणि हे मला वर्षभरात ठाऊक नव्हतं. परीक्षेपर्यंत खोली सातला उघडून बघू, असं ठरलं. किल्ली पहारेकऱ्याकडून घ्यायची, येणाऱ्यांनी वहीत नाव लिहायचं. मुरगावच्या त्या चिटणीस मुलीने ठराव लिहून घेतला, एकेक वाक्य मोठ्याने वाचलं आणि दर वाक्याला आमच्याकडे बघून, बरोबर ना म्हणून, विचारलं, "हें सारकें मगो?" आम्ही नुसत्या माना हलवल्या.

खोली उघडायला लागून दोन-तीन आठवडे झाले असतील. मैत्रिणीने घरी सांगितलं होतं, पण वडील हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. एक दिवस मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. केरीहून म्हापशाला बस लगेच मिळाली, की काहीतरी तसंच. खोलीच्या दाराबाहेर पुरुषाच्या चपला काढून ठेवलेल्या दिसल्या. विद्यापीठात खोलीबाहेर चपला कोण काढतं? आत तिचे वडील भिंतीकडेच्या खुर्चीवर ताठ बसले होते. सहाच्या बसने ते तिच्याबरोबरच आले होते. दहा-बारा मुलं मान खाली घालून वाचत होती, पंखा फिरत होता, पहारेकरी दारात स्टुलावर पेपर वाचत होता. वडील काही वाचत नव्हते. ते एकेका मुलाकडे बघत होते, आणि इतरांना त्रास नको म्हणून खोकलासुद्धा गिळत होते.

मला बघून ते उठले. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून आवाज न करता मागे ठेवली आणि बाहेर आले. चपला घालताना त्यांनी मला हळूच विचारलं, "रोज अशीच बसतत ही पोरां?"

"रोज," मी म्हटलं.

त्यांनी काचेतून पुन्हा एकदा आत बघितलं. मग म्हणाले, "पुढल्या वर्साचो फॉर्म कधी भरूचो आसता गो?"

मला तारीख ठाऊक नव्हती, माझं ते शेवटचं वर्ष. मी आत जाऊन मैत्रिणीच्या कानाशी वाकून विचारलं. तिने पुस्तकातून मान वर न करता तारीख सांगितली.