दादाजी भोयरांनी न घेतलेला नारळ

दादाजी भोयरांच्या पार्टीत मी एकवीस वर्षं पेटी वाजवली. एवढ्या काळात माणूस कळायला हवा होता. पण त्यांचे वडील काय करत, ते किती शिकले, त्यांना स्वतःला कोणतं गाणं आवडायचं, हे मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही आणि ते आपण होऊन बोलणारे नव्हते. पाहिलं तेवढंच लिहितो.

ते गात नसत, नाचत नसत, वाजवतही नसत. तरुणपणी मंडईत फुगे विकायचे. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्राच ती, आणि त्यात भरदुपारी गाण्यांची, सोंगांची खडी गंमत होते. फुगे विकता विकता त्यांच्या लक्षात आलं की एका गावचा शाहीर चांगला असतो, दुसऱ्या गावचा नाच्या चांगला असतो, पण दोघं एका ठिकाणी कधी दिसत नाहीत. त्यांनी अशी माणसं एकत्र आणली. इतवारीत भांड्यांच्या दुकानावर एक खोली घेतली आणि बाहेर पार्टीचा बोर्ड लावला. रोहितला त्यांनी कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या लिलावाची नक्कल करताना ऐकलं आणि तिथूनच टेम्पोत बसवून आणलं. पुढे लुगडं नेसून नाचणारा आमचा नाच्या तोच झाला.

कार्यक्रम चालू असताना दादाजी मंचाकडे पाठ करून उभे राहत आणि लोकांचे पाय बघत. गर्दीत पाय चुळबुळायला लागले की खांद्यावरचा दुपट्टा डावीकडून उजवीकडे घेत. मग शाहिराने आवरतं घ्यायचं, मी सूर बदलायचा आणि रोहितने मंचावर यायचं. हा दुपट्टा चुकल्याचं मला आठवत नाही.

मंचावर ते एकदाच येत, अगदी शेवटी. गावचे पाटील किंवा सरपंच सगळ्यांसमोर पार्टीच्या मालकाच्या हातात नारळ देतात. नारळ घेतला की पुढच्या वर्षीची त्या गावची मंडई पक्की. न घेतला तर गावाला ते अशुभ वाटतं, आणि दुसरी पार्टीही तिथे यायला कचरते. शिवाय ही सगळी गावं एकमेकांची सोयरी. पहिल्या गावाचा घेतला की आमच्या बाकीच्या सोळा गावांचा घ्यावाच लागे.

दादाजींच्या बायकोची, गोपिकावहिनींची, नजर गेली तेव्हा दादाजींनी पार्टी सोडायचं ठरवलं. घरी दोघंच. ते बाहेर असले की शेजारची मयुरा येऊन वहिनींना ताट वाढून जायची. "हे साल शेवटचं," असं त्यांनी वहिनींना तीन वर्षं सांगितलं, आणि तिन्ही वर्षं नारळ घेऊन घरी आले. भरल्या मंडईत नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

चौथ्या वर्षी त्यांनी उपाय काढला. मौद्याच्या पलीकडे आमची पहिली मंडई असते. तिथे त्यांनी मंचावर जायचंच नाही आणि नारळ रोहितने स्वतःच्या नावाने घ्यायचा. म्हणजे तिथून पुढे पार्टी रोहितची.

"लुगड्यातच घेऊ का गा नारळ? लोक म्हणतील, पार्टीची ओटी भरून राहिले," रोहित म्हणाला.

"पँट घालून घेजो. तोवर मंचावर मास्तर आहेत."

मास्तर म्हणजे मी. दादाजी मागे टेम्पोत जाऊन बसले.

गंमत संपली. रोहित कपडे बदलायला पडद्यामागे गेला आणि सरपंच ठरल्यापेक्षा लवकर वर आले. मंचावर मी एकटाच, पेटीसमोर.

"दादाजी कुठी गेले गा, मास्तर?"

दादाजी आता थांबले, नारळ रोहित घेईल, एवढं सांगायचं होतं. समोर सगळं गाव उभं होतं आणि माइक तोंडाशी होता. मी पेटीचा भाता बंद केला.

"बरं, तुम्हीच घ्या. दादाजीच्या नावानं."

त्यांनी नारळ पुढे केला आणि माझे हात पुढे झाले. माइकवर घोषणा झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोहित पँटचा पट्टा लावत बाहेर आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

टेम्पोत दादाजींनी माझ्या हाताकडे बघितलं.

"घेतला?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि खिडकीची काच वर केली. तासाभरात दुसऱ्या गावाहून त्यांना फोन आला की आमची तारीखही धरून ठेवा.

इतवारीतल्या खोलीत पेटी ठेवून मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. माझी चूक वहिनींना मीच सांगावी, असं वाटेत ठरवलं होतं. वहिनींनी नारळ हातात घेऊन शेंडी चाचपली.

"कोनं घेतला?"

"म्या घेतला," दादाजी म्हणाले.

वहिनींनी नारळ बाजूला ठेवला. मयुराने चहा आणला, तो प्यालो आणि निघालो.

त्या वर्षी त्यांनी उरलेले सोळाही नारळ घेतले. पुढच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा निघालो. त्यांना दम लागायचा, तरी दुपट्टा वेळेवर फिरायचा. सहाव्या मंडईहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या तयारीत चपला घालताना, ते दारातच गेले. वहिनी आत हाका मारत होत्या. खरं काय झालं होतं ते मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी परतताना त्यांनी मला माझ्या घराजवळ, मनीषनगरच्या वळणावर उतरवलं. दिवस नुकताच मावळला होता.

"मास्तर, डबा राहिला तुमचा."

"राहू द्या, उद्या घेतो."

"अन् स्वेटर आणजा. बसून बसून थंडी लागते तुमाले."

"आणतो," मी म्हणालो.