शटरला हात लावू नका

आमच्या घरामागेच आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. सोलापुरी उन्हाळ्यात कोरडी हवा लागली की मागावरचं सूत तटातट तुटतं, म्हणून आम्ही खिडक्यांना गोणपाट ठोकून ते ओलं ठेवायचो. आजूबाजूचे सगळेच तसं करायचे. त्या गारव्यासाठी सासरे सुट्टीच्या दुपारी शटर पूर्ण ओढून मागांमध्ये चटई टाकून झोपायचे.

अशाच एका सुट्टीला जळका वास आला. धावत गेले तर शटर बंद. ना ज्वाळा, ना आवाज. शटरखालच्या फटीतून पिवळट काळा धूर बाहेर यायचा आणि लगेच आत ओढला जायचा. आत काहीतरी श्वास घेत होतं.

नवरा ओरडत आला, "आप्पा हायत आत!" आणि शटर उचलायला वाकला.

मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. "उघडू नका वो! वारा आत गेला की भडकंल!"

मी काही शिकलेली नव्हते. एकदा कढईतलं तेल पेटलं होतं, त्यावर झाकण टाकलं आणि विझलं समजून घाईने उचललं. जाळ थेट तोंडावर आला, भुवया गेल्या. हे शटर मला ते झाकणच वाटत होतं.

"सोड मला! माझा बाप मरंल की गं!" तो मला ढकलत होता, शिव्या देत होता. मी रडत होते, पण हात सोडले नाहीत.

शेजाऱ्यांनी बोलावलेला बंब आला. जवानांनी सगळ्यांना लांब केलं आणि कोंडलेला धूर वरून निघावा म्हणून आधी छताचा पत्रा फोडला. धूर वर उसळला आणि बाहेरच्या हवेत येताच पेटला. घराएवढा जाळ! तो शटरमधून आला असता तर पुढे नवरा होता. बराच वेळ पाणी मारल्यावर त्यांनी शटर उचललं. आत कोणी नव्हतं.

तेवढ्यात सासरे गल्लीतून आले, ताजी दाढी केलेले. आतला गारवा जाऊ नये म्हणून शटर खाली ओढून ते न्हाव्याकडे गेले होते. नवरा मटकन खाली बसला.

आता गोणपाट काढलंय, छताला झरोके केलेत. सूत तुटतं, तुटू दे.

परवा जेवताना सासऱ्यांनी हसत विचारलं, "मी खरंच आत असतो तर सोडलं असतंस का गं त्याला?"

नवऱ्याने मान वर केली नाही. मी भाकरी वाढली. तुम्ही आतच आहात असं समजूनच धरलं होतं त्याला, हे कुठल्या तोंडाने सांगू?