चाचांचा नाका

आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या मास्तरांवर अन्याय झाला. शाळा उघडली त्याच सोमवारी, भर दुपारी, नळदुर्गातल्या पाच दारांत. पाचही दारांवर ‘खोली भाड्यानं देणे’ अशी पाटी होती, आणि पाचही मालकांनी पाणी विचारायच्या आधी जात विचारली. मास्तरांनी ‘महार’ असं सरळ सांगितलं, की खोली त्याच क्षणी भरलेली निघायची. संध्याकाळपर्यंत जागा मिळाली नाही तर सोलापूरची मोटार धरून कायमचं परत जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी त्यांना माझ्या घरमालक चाचांकडे नेलं. असा घरमालक अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, हे मी छातीवर हात ठेवून लिहितो. निजामाच्या राज्यात चाचा करोडगिरीच्या नाक्यावर होते. सोलापूरकडून येणारा प्रत्येक नग उघडून बघायचा आणि जकात घ्यायची, हे त्यांचं काम. पुढं हद्द गेली, नाका गेला, निजामाचं राज्यही गेलं; चाचा तेवढे ड्यूटीवर राहिले. नाक्यावरचा दोर त्यांनी घराच्या दारात आडवा बांधला. भाडेकरू आला की पितळी बटणांचा कोट चढवायचा, पेटी उघडायला लावायची, खायचा जिन्नस निघाला तर वानगी चाखायची, पेटीवर खडूनं फुली मारायची, मगच दोर खाली. माझ्या आईच्या लाडवांची वानगी त्यांनी तीनदा घेतली, कारण “एकानं खात्री होत न्हाय.” माझ्या पत्रकांचा गठ्ठा मात्र कागद न् कागद उलटून बघितला आणि म्हणाले, “बेटा, यात आग लई हाय. चुलीपास्नं लांब ठेव.”

तर समतेची ती पत्रकं लिहिणारा मी, त्या दिवशी चाचांच्या दारात मास्तरांच्या जातीबद्दल गप्प बसलो. लाज वाटते, पण लिहितो. चाचांनी कोट चढवला. पेटीत दोन धोतरं, पुस्तकं आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी.

“ह्ये काय?”

“शेंगाची चटणी. आईनं दिली,” मास्तर म्हणाले.

चाचांनी चिमूट उचलली. तेवढ्यात समोरचे कापडवाले शेठ, त्या पाचांतलेच एक, धावत आले. “चाचा, थांबा! जात इचारली का त्यांची? महार हायती ते!”

चाचांचा हात तोंडापाशी थांबला. मास्तर पेटी मिटायला वाकले.

“शेठ,” चाचा म्हणाले, “तीस साल नाक्यावर होतो. सुपारी तपासली, कापड तपासलं, घासलेट तपासलं. जात कंच्या पेटीत असती? तुमी आणलीया का संगं? उघडा, दावा.”

आणि चटणी तोंडात टाकली. मिटक्या मारल्या. पुन्हा चिमूट घेतली, पेटीवर फुली मारली आणि दोर खाली सोडला.

“चाचा, मग आमचा मुनीम तुमची खोली सोडंल!”

“सोडू द्या. जातानाबी पेटी तपासावी लागंल म्हणावं.”

मुनीम खरंच गेला. त्याची खोली चार महिने रिकामी राहिली. चाचा रोज तिथं झाडू मारायचे, पण बुडालेल्या भाड्याबद्दल मास्तरांना एका शब्दानं बोलले नाहीत.

मास्तरांची आता जिल्ह्यातल्याच वाशीला बदली झाली आहे. त्यांच्या पेटीवरची ती फुली त्यांनी अजून पुसलेली नाही. चाचांना हल्ली दिसत नाही. नवा भाडेकरू आला की ते पेटीतलं सामान हातानं चाचपतात आणि खडू माझ्या हातात देतात. मी फुली मारतो आणि दोर खाली सोडतो.

आता तुमच्याशी बोलतो, वाचक. तुमच्याही दारावर पाटी असेल. पेट्या खुशाल उघडा, लाडू खा. पण तो एक प्रश्न विचारणार असाल, तर आधी पाटी उतरवा. आजच.