राजा झालेली कमल

कमलच्या भावाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होते. "वंदाताय, आमची ताय गेली गो," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि त्या बाईचं माप पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लागले. हातात टेप होती, ती सोडवेना. बाई गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि मगच रडले... त्याला आता महिना उलटून गेला.

कमल आणि मी किन्हवलीजवळच्या एकाच गावच्या, शाळेत एकाच बाकावरच्या. लग्नानंतर मी वाशिंदला आले आणि शिवणाचं दुकान टाकलं. ती मुरबाड तालुक्यात, डोंगराखालच्या एका शाळेत शिक्षिका झाली. तिथं ती मुलांची नाटकं बसवायची आणि त्या नाटकांचे कपडे मी शिवायची. भेटायला येणारे तिच्या आजाराबद्दल विचारतात, शेवटी फार त्रास झाला का म्हणतात. मला मात्र तिचं नाव काढलं की आधी तिची मिशी आठवते.

आम्ही नववीत होतो. स्नेहसंमेलनात राजाचं नाटक होतं आणि राजा होणाऱ्या मुलाला ऐन वेळी कावीळ झाली. नाटक रद्द करायचं असं सरांनी ठरवलंच होतं. कमलला त्या नाटकात कामच नव्हतं. उंच आहे, आवाज जाड आहे, राणी शोभणार नाही, म्हणून तिला पडदा ओढायला ठेवली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी करते राजा. मला समदं पाठ हाय." वर्ग हसला. सर म्हणाले, "अगं, मुलीचा राजा कसा करायचा?" तर ही शांतपणे म्हणते, "दुसऱ्या कोनाला पाठ हाय का, इचारा." कुणालाच नव्हतं. पडद्याची दोरी धरून उभं राहता राहता तिनं सगळं नाटक डोक्यात साठवलं होतं.

घरी वेगळंच रामायण झालं. तिचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, भातशेती करणारा कडक माणूस. "पोरीनं मिश्या लावून गावासमोर हुबं रायचं?" म्हणाले आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. ती रडली नाही. भात झोडताना राजाचे संवाद म्हणत राहिली, त्यांना ऐकू जातील असे.

संमेलनाच्या संध्याकाळी तात्या आले. खुर्चीवर बसले नाहीत, मागं चिंचेखाली उभे राहिले. कमल मंचावर आली तेव्हा लोक आधी मिशीला हसले. मग ती बोलायला लागली आणि हसणं थांबलं. एका गरीब शेतकऱ्याचा निवाडा करायचा प्रसंग होता. भर दरबारात तिच्या मिशीची एक बाजू सुटली आणि ओठावर लोंबायला लागली. मी राणी होते, तिच्या शेजारीच बसलेले. कमलनं मिशी उपटली, प्रधानाच्या हातावर ठेवली आणि त्याच भारदस्त आवाजात म्हणाली, "प्रधानजी, ही सांभाळून ठेवा. आजचा न्याय बिनमिशीचा होईल." सगळं मैदान टाळ्यांनी उसळलं. बायका तर उभ्या राहिल्या. त्यानंतरचा निवाडा तिनं मिशीशिवायच दिला आणि कुणाला मिशीची आठवणही झाली नाही.

परतताना तात्या आमच्या पुढं चालत होते. घर जवळ आल्यावर मागं न बघता म्हणाले, "राजा बरा व्हता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बोलवायला गेले, तर आतून त्यांचा आवाज आला, "महाराज, गोठ्यातलं शेन काढायचं रायलंय." कमल हसत हसत शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. इतकी खूश मी तिला नंतर फार कमी वेळा पाहिली.

शिक्षिका झाली तेव्हा तिच्या वाट्याला आलेली मुलं पाड्यावरची होती. घरची बोली वेगळी, पुस्तकातली वेगळी, त्यामुळे वर्गात माना खाली. कमल त्यांना कापणी झालेल्या शेतात न्यायची. एकाला या बांधावर उभं करायची, दुसऱ्याला त्या बांधावर, आणि म्हणायची, आता बोला. काय वाटेल ते बोला, पण पलीकडं पोचलं पाहिजे. हरवलेली शेळी, नळावरचं भांडण, रुसून माहेरी गेलेली काकी, यातूनच तिची नाटकं उभी राहिली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, भाषा जरा शुद्ध करून घ्या." ती म्हणाली, "करते सर. आधी त्यांना तोंड तर उघडू द्या."

असंच एक नाटक घेऊन ती जिल्ह्याच्या स्पर्धेला ठाण्याला गेली. मीही गेले, पर्समध्ये सुईदोरा घेऊन. बाकीच्या शाळांचे रंगवलेले पडदे, सोफे, दिवे. आमच्याकडं एक हंडा आणि एक काठी. मुख्य काम करणारी संगीता विंगेतून त्या लाल खुर्च्या बघून थिजली. "बाय, येवढी मान्सं?" कमल तिच्यासमोर उकिडवी बसली. "शेवटची खुर्ची दिसते? तो पलीकडचा बांध. बाकी मधलं समदं शेत." संगीता मंचावर गेली. नाटक निम्म्यावर आलं आणि माईक बंद पडला. मी तोवर मागच्या रांगेत जाऊन बसले होते. पहिलं वाक्य नुसतं ओठ हलल्यासारखं झालं. मग संगीता दोन पावलं पुढं आली, छाती भरून श्वास घेतला आणि बोलली... शब्द न शब्द माझ्यापर्यंत आला. तिच्यामागून एकेक पोरगं तसंच बोलायला लागलं. माईक दुरुस्त करायला आलेला माणूस वायर हातात धरून नाटकच बघत राहिला. पहिला नंबर आमचा आला. नाव पुकारलं तेव्हा मुलं मंचाकडं न धावता आधी कमलकडं धावली आणि ती त्यांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. संगीता आज नर्सिंग शिकते आहे.

आजारी पडल्यावरही कमल शाळेत जायची. मी एकदा रागावले, म्हटलं घरी पड ना जरा. ती म्हणाली, "वंदे, घरी मी नुसती पेशंट असते. तिथं मी बाई असते." शेवटचं भेटले तेव्हा ती अंथरुणातून फोनवर कुणाला तरी सांगत होती, "येवढी घाई नको रे. शेळीला पन बोलू दे की." आवाज अगदी बारीक झाला होता, पण पलीकडच्या पोरानं संवाद पुन्हा म्हटला आणि ती समाधानानं मान डोलवत राहिली.

शाळेत शोकसभा झाली. भाषणं झाली, दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग पाचवीतली एक मुलगी पुढं येऊन म्हणाली, "सर, बायनी आमचं शेळीचं नाटक बसवलंय. आज करू का?" शाळेत नाव घालायला आलेल्या शेळीचं ते नाटक, निव्वळ हसवणारं. मुख्याध्यापकांनी कमलच्या नवऱ्याकडं पाहिलं. प्रकाशभाऊ म्हणाले, "करू द्या सर. तालीम झालीये त्यांची."

मुलांनी नाटक केलं. बायका आधी पदरात तोंड लपवून हसत होत्या, नंतर पदर सुटले. प्रकाशभाऊ डोळे पुसत हसत होते. मधे एक मुलगा वाक्य विसरला, तर बसलेल्या अख्ख्या वर्गानं त्याला ते सांगितलं.

सभेनंतर मी एकटीच पाचवीच्या वर्गात गेले. बाकं भिंतीला सरकवलेली होती आणि मधल्या फरशीवर खडूनं मोठा चौकोन आखलेला होता. दारातून शिपाईदादा म्हणाले, "बायंच्या तालमीची जागा. मी रोज बाकं लावतो, पोरं रोज सरकवतात. आता मी लावायचंच सोडलंय." मी त्या चौकोनात जाऊन उभी राहिले. मग मागून कुणीतरी माझी ओढणी हळूच ओढली. शेळी झालेला मुलगा होता.

"मावशी, बाजूला व्हा ना," तो म्हणाला. "तुमी स्टेजवर हुब्या रायल्यात."

मी रेघेच्या बाहेर झाले.