आठ वर्षांचं पिंप

सांगली जिल्ह्यातल्या एका दारूच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. साताऱ्यात आई शेजाऱ्यांना मुलगा 'फॅक्टरीत' आहे एवढंच सांगायची. मी थेंबही घेत नव्हतो, पण विलायती पुस्तकं वाचून व्हिस्कीतलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी ठाम समजूत होती.

आमच्याकडे जवापासून काढलेला माल्ट लाकडी पिंपांत मुरायचा आणि शेवटी मळीच्या स्पिरिटमध्ये मिसळला जायचा. निव्वळ माल्ट कुणाच्या पेल्यात पडतच नसे. मी हट्टाने एक पिंप बाजूला काढून घेतलं आणि त्यावर खडूने लिहिलं, आठ वर्षं.

गोदाम सांभाळायचे कवठे महांकाळकडचे एक मामा. पिंपातले दोन थेंब तळहातावर चोळायचे, हात नाकाशी न्यायचे, की झाली त्यांची तपासणी. एकदा निव्वळ माल्टचा पेग प्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. तुमच्या निवृत्तीच्या दिवशी पाजतो, असं मी कबूल केलं होतं.

तो दिवस चौथ्या उन्हाळ्यात आला. गोदामाचा पत्रा नुसता भाजत होता आणि दर उन्हाळ्यात पिंपातला माल चांगलाच उडून जात होता. मामांनी थेंब चोळून वास घेतला.

"सायेब, आता काढा. आमच्याकडं बेदाणा चार दिस जादा ठिवला तर काळा पडतोय. ह्येबी तसंच हाय."

मी पुस्तकावर बोट ठेवलं. ते थंड मुलखातलं पुस्तक आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अर्धकच्चं तुम्हाला पाजणार नाही, आठ वर्षं झाली की बोलावतो, असं वर ऐकवलं. नमुन्याची एक बाटली भरून, सील करून कपाटात ठेवली. मामा शाल-नारळ घेऊन गेले.

आठ वर्षं भरल्यावर पिंप उघडलं, तर तळाशी थोडंसं उरलेलं. काढ्यासारखं काळं. जिभेला लावलं तर नुसतं कडू लाकूड. पुस्तकाचा मला संताप आला, मग स्वतःचा. तेव्हा ती बाटली आठवली. काचेत काही मुरत नाही. चार वर्षांचा माल्ट होता तसाच होता. मामांसारखे दोन थेंब हातावर चोळून वास घेतला आणि बाटलीला पुन्हा घट्ट बूच लावलं.

नियमात बसत नव्हतं, तरी बाटली पिशवीत घालून मी एसटीने त्यांच्या गावी गेलो. मामा बेदाण्याच्या शेडपाशी बाजेवर बसले होते. चांगलेच खंगले होते. मी पेल्यात ओतलं. त्यांनी आधी सवयीने थेंब हातावर चोळले, हात नाकाशी नेला, परत नेला.

"तापात वास गेला बगा माजा. चवबी न्हाई," ते म्हणाले. "तुमी सांगा, कसा हाय?"

मीही दोन थेंब तळहातावर चोळले आणि हुंगत सांगत राहिलो. आधी बेदाणा, मग काकवी, मागून भाजलेला जव, लाकूड अगदी जरासं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"म्हंजी तवाच झाला हुता."

"होय मामा," मी म्हणालो. "तेव्हाच झाला होता."

त्यांनी मान हलवली आणि पेला न उष्टावताच माझ्या हातात दिला.