डोळे मिटून घेतलेला वास

लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात माझी तीस वर्षं गेली. गुळाचा पाक कढईतून कधी उतरवायचा, हे मी वासावर सांगायचे. बाकीच्या बायका पाण्यात थेंब टाकून बघायच्या. मी डोळे मिटायचे, एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "उतरवा!" एकदाही चुकले नाही. नाकाची मिजास होती मला, का नसावी?

साठी ओलांडली आणि वास एकेक करून गेले. आधी फोडणीचा, मग माहेराहून, वडिवळ्याहून येणाऱ्या नव्या तांदळाचा. डॉक्टर म्हणाले, वयानं मेंदूतली वास ओळखायची जागा थकते. थकू दे मेली! पण मग ती जागा आपल्या मनाचं काहीबाही करायला लागली. रोज दुपारी चहाच्या आधी, घरात गुळाचा खडा नसताना, मला पाकाचा वास यायचा. दाट, गरम, अगदी कढईवर वाकल्यासारखा. उठून बघायचे तर ओटा कोरडा. अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं.

मुलगा बाहेरगावी, सून हॉटेलात कामाला. दीड वर्षाची नात दिवसभर माझ्याकडे. तेवढ्यामुळंच या घरात मला किंमत होती.

त्या दुपारी नात पाळण्यात झोपली होती. तिचं दूध गॅसवर ठेवलं आणि खोलीत येऊन जरा टेकले. तेवढ्यात पाकाचा वास आला. सवयीनं डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे, वास चढत गेला, त्यातला कच्चेपणा गेला, आणि मला लख्ख कळलं, आता! "उतरवा!" मी मोठ्यांदा म्हणाले.

पाळण्यातून खोकला आला. डोळे उघडले तर खोलीभर धूर. पाळणासुद्धा धड दिसेना. स्वयंपाकघरात डोकावले तर दूध आटून पातेलं काळं पडलेलं, शेजारचं फडकं पेटलेलं, आणि माझ्या नाकात मात्र गोड, नेमका उतरलेला पाक. पोरीला उचलून बाहेर पळाले. शेजारणीनं आत जाऊन गॅस बंद केला, पाणी ओतलं. मी पोरीच्या केसांना नाक लावलं. तिथंही पाकच.

पोरीला काही झालं नाही. संध्याकाळी मीच सुनेला सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्यापासनं हिला पाळणाघरात ठेव. माझ्या नाकाचा भरवसा न्हाई."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, "काहीतरीच काय, आई!"

ती खाली मान घालून पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली.