कांदेवालीचं नाव

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक मिळालं. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची पानं गायब. डिक्शनरी घेऊन आठ दिवस वाचलं तेव्हा कळलं की हा एक खेळ आहे. तिघाचौघांनी बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैद्य, आणि एकानं गोष्ट चालवायची. प्रवासात जो कुणी भेटेल, पहारेकरी, सावकार, राजा, त्याच्या तोंडून त्या एकानंच बोलायचं. पुस्तक माझं, म्हणून गोष्ट चालवणारी मी.

रविवारी दुपारी आम्ही इंदिरानगरला माझ्या मैत्रिणीकडे जमायचो. तेव्हा तिकडे घरं कमी आणि मोकळे प्लॉटच जास्त. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. काका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. काकू जाऊन वर्ष झालं होतं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी काकूंचा फोटो, खाली नाव लिहिलेला. आमच्याबरोबर वर्गातली एक कबड्डी खेळणारी मुलगी यायची. पुस्तकात निदान तीन खेळाडू हवेत असं लिहिलं होतं, म्हणून मैत्रिणीनं वह्या तपासत बसलेल्या काकांना ओढलं. "बाबा, तुम्ही नुसते फासे टाका." ते तेवढंच करायचे. सापशिडीचा फासा टाकायचे, आकडा सांगायचे आणि पुन्हा लाल पेन उचलायचे.

सुरुवातीला मला काही जमत नव्हतं. वेशीवर पहारेकरी उभा केला की तो विचारायचा, "कोण तुम्ही?" कबड्डीवाली म्हणायची, "मी तलवार काढते." संपला पहारेकरी. दोन रविवारांत तिनं पाच-सहा जणांना आडवं केलं. मी घरी जाऊन विचार करायचे, यांना कुणाशी दोन शब्द बोलावंसं का वाटत नाही?

तिसऱ्या रविवारी मला काहीच सुचलं नव्हतं. त्यांचा रस्ता नदीपाशी आला. समोर काय आहे, असं मैत्रिणीनं विचारलं आणि मी बोलून गेले, "एक बाई बसलीये. कांद्याची गाडी आहे तिची. चाक मोडलंय."

"दरोडेखोर असणार. वेष बदललेला," कबड्डीवाली म्हणाली.

मी घाईघाईनं त्या बाईच्या तोंडून, कुठे निघालात म्हणून विचारलं. माझी मावशी नामपूरला दिलेली, उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेलेल्या. त्यामुळे तोंडात तिकडची अहिराणीच आली. "कथा जाई ऱ्हायनात, भाऊ? मन्हं चाक मोडी गयं."

काकांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हना गाव कोनता शे?"

"नामपूर."

"मग उन्हात काब्रं बसनात? सावलीत या ना."

ते खुर्ची पुढे ओढून बसले. चाक कसं दुरुस्त करायचं ते त्यांनी त्या बाईला समजावून सांगितलं, मग कांद्याचा विषय निघाला, मग पावसाचा. मी उत्तरं देत राहिले. फासा तसाच पडून होता आणि कबड्डीवालीसुद्धा तलवार विसरून ऐकत होती. मध्येच काका मोठ्यानं हसले. मैत्रीण उठून आत गेली.

मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली तेव्हा तिनं सांगितलं, "आई-बाबा एकमेकांशी तसंच बोलायचे. माझ्याशी नाही, फक्त एकमेकांशी. आई गेल्यापासून घरात तसं कुणी बोललं नव्हतं."

मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मी चपला काढत होते तोच काकांनी विचारलं, "आज ती बाई भेटेल ना वाटेत?" भेटली. त्यानंतर दर रविवारी भेटत गेली. मी मावशीला पत्रं लिहून शब्द मागवायचे. हळूहळू मला उमगलं की बाईनं फार बोलायचंच नाही. तिला काहीतरी लहानसं हवं असलं पाहिजे, दोरी, पाणी, गाडीला जरा हात. आणि तिनं विचारलं पाहिजे. "जेवण व्हयनं का?" एवढं विचारलं की काका दहा मिनिटं बोलायचे. शाळेबद्दल, मुलीच्या लग्नाच्या काळजीबद्दल. मुलगी शेजारीच बसून ऐकायची. तिच्याशी जे बोलता येत नव्हतं ते काका कांदेवालीला सांगत होते.

मग एका रविवारी त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्हनं नाव काय शे?"

काकूंचा फोटो माझ्या समोरच होता, खालच्या नावासकट. काका त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "नाव सांगीसन काय करशात, भाऊ? पुढला बाजारले या."

काका "बरं," म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

मैत्रीण माझ्यावर चिडली. "सांगायचं होतंस. एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" ते नाव उच्चारायचा हक्क मला नव्हता, इतकंच तेव्हा वाटलं होतं.

पुढच्या वेळी मी बाईला तयार ठेवलं होतं. काका म्हणाले, "आज बाजार राहू दे, घाट चढून जाऊ." घाटात लुटारू आडवे आले. काकांनी फासा दोन्ही तळव्यांत घोळवून टाकला, सहा पडले आणि कबड्डीवालीनं आनंदानं टाळी दिली. आम्ही निघताना काकांनी मुलीला काहीतरी विचारलं, अहिराणीत. तिनं मोडकंतोडकं उत्तर दिलं.

त्यांनी बाईबद्दल पुन्हा कधीच विचारलं नाही. मला मात्र रविवार आला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाई बोलायची ते शब्द मीच जुळवत होते, पण ती बोलायची ते काका समोर बसून ऐकायचे म्हणून. आता ती माझ्याशी एकटीशी बोलेना. मग परीक्षा आल्या, काकांची बदली कळवणला झाली आणि खेळ थांबला.

नोकरीला लागल्यावर एकदा ऑफिसातल्या तिघींना घेऊन हाच खेळ मांडून बसले होते. नदीचा काठ सांगितला. "मग?" एकीनं विचारलं. मी कांदेवालीसाठी तोंड उघडलं, तर बाहेर पडली ती शुद्ध, पुस्तकी मराठी. तिघी वाट बघत होत्या. मी म्हणाले, "कुणी नाही. काठ रिकामा आहे. चला पुढे."